पाडव्याला कऱ्हाड, रामनवमीला दाभोळ

साताऱ्याहून निघायचं म्हणताय, पण तुम्ही ज्या काळात चाललाय तिथे सातारा शहरच नाही. वर डोंगरावर किल्ला आहे. खालच्या पेठा वसायला अजून दोनशे वर्षं जायची आहेत. सांगलीकरांनीही फार हसू नये. कृष्णाकाठचं एक लहान गाव, एवढीच सांगलीची ओळख आहे आणि सगळा राबता मिरजेत आहे. तेव्हा दोघांनीही सरळ कऱ्हाड गाठा. साल धरा १५००, दिवस गुढीपाडव्याचा. उन्हं तापायच्या आत नदीकाठच्या तळावर या, म्हणजे दाभोळला निघालेला तांडा तुम्हाला घेऊन जाईल.

दाभोळच का, असं विचारू नका. आज ते दापोली तालुक्यातलं खाडीकाठचं शांत गाव आहे, पण तुम्ही बघणार आहात ते पश्चिम किनाऱ्यावरच्या बड्या बंदरांपैकी एक. एडन, होर्मुझ, खंबायत, मलबार अशी सगळीकडची गलबतं तिथे लागतात. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज आरमार येऊन हे शहर जाळणार आहे. आपण त्याच्या चांगली आठ वर्षं आधी जातोय. शहर बघायचं तर भरलेलं बघावं.

पाडव्याचा मुहूर्त खाडीकडे बघून काढलाय, कारण चिपळूणपासून पुढे दाभोळपर्यंत होडीने जायचंय. कोकणातले मच्छीमार भरतीची वेळ तोंडी काढतात: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती. नवमीला नऊची पाऊणपट, म्हणजे पावणेसात. चिपळूणच्या बाजूला, समुद्रापासून एवढ्या आत, भरती पोचायला आणखी वेळ लागतो. म्हणजे सकाळची न्याहारी करून होडीत बसायचं आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर खाली सुटायचं. कऱ्हाड ते चिपळूण साधारण शंभर किलोमीटर. ओझ्याचे बैल दिवसाला बारा-तेरा किलोमीटर चालतात. पाडव्याला निघालात तर रामनवमीला पाण्याशी पोचता.

आता सामान. एक घोंगडी घ्या, दोन जोड वहाणा घ्या आणि पाण्याला तांब्या. कांदा-लसूण मसाल्याची बरणी मात्र घरीच ठेवा. हे ऐकून तुमचा चेहरा पडला असेल, पण इलाज नाही. या देशात अजून मिरची आलेलीच नाही. ठेचा नाही, दाण्याचं कूट नाही, बटाटा नाही, चहा तर नाहीच. तिखट लागेल ते मिरीचं आणि आल्याचं. पहिले दोन दिवस जिभेला चुकल्यासारखं वाटेल. तिसऱ्या दिवशी मिरी घातलेलं गरम पिठलं आणि जोंधळ्याची भाकरी समोर आली की घसा आतून हळूहळू पेटेल. मग मिरीसाठी लोक समुद्र का ओलांडतात, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

तांडा सुटतो तो आवाजाने. शे-दीडशे बैलांच्या गळ्यातल्या घंटा एकदम हलतात आणि पुढचे आठ दिवस तो नाद कानातून जात नाही, झोपेतही नाही. प्रत्येक बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी लोंबते: जोंधळा, गहू, हरभरा, गूळ, हळद, जाडंभरडं कापड. तुम्ही बैलांच्या मागे चालताय, त्यामुळे धूळ तुमच्या वाट्याला. पाटण येईपर्यंत भुवयांवर पिवळा थर बसतो. त्यात मातीही असते आणि हळदही. वाटेला पळस फुललाय, पांगारा फुललाय. पाय सुजलेत. तांड्याचा नायक वळून बघतो आणि म्हणतो, “पावणं, बैलाच्या सावलीनं चाला.” त्याचं ऐका. दुपारच्या उन्हात बैलाची सावलीसुद्धा मोठी असते.

रात्री गोण्या उतरवून त्यांची गोल भिंत रचतात, माणसं आणि जाळ आत. बैल तिथेच दावणीला. ही रचना हौसेची नाही, रानात वाघ आहे. कोयनेच्या आणि चांदोलीच्या जंगलात आज आपण व्याघ्र प्रकल्पाची पाटी वाचून गाडीची काच वर करतो. इथे काच म्हणजे हळदीची गोणी. अंधारात एखादा बैल फुरफुरला की सगळा तळ एकदम जागा होतो, कुणीतरी जाळात ओंडका सारतो, ठिणग्या वर जातात आणि तुम्ही घोंगडी नाकापर्यंत ओढून घेता.

हेळवाकला कोयना पूर्वेकडे वळते आणि तुम्ही तिला सोडून पश्चिमेकडे जाता. इथेच पहिल्यांदा त्यांचा वास येतो. तळावर घोडे आहेत, अरबस्तानातून आलेले, दाभोळला उतरून कुंभार्लीचा घाट चढून आलेले. मोठ्या हंड्यात त्यांचं खाणं शिजतंय, जवळ जाऊन बघा: खिचडी, तीही साखर आणि तेल घालून. खोटं वाटत असेल तर अफनासी निकितिन नावाच्या रशियन व्यापाऱ्याला विचारा. तो तीसेक वर्षांपूर्वी एक घोडा विकायला या मुलखात आला होता आणि घोड्यांना अशी खिचडी घालतात हे त्याने नवलाने लिहून ठेवलंय. तुम्ही पाच दिवस भाकरी-पिठल्यावर आहात आणि तुमच्यासमोर घोडा गोड खिचडी खातोय. राग धरू नका, त्याला अजून बीदरपर्यंत जायचंय. दाभोळहून ती वाट महिन्याची आहे.

घाट उतरणं चढण्यापेक्षा वाईट. सुमारे सहाशे मीटरची उतरण आणि सगळा भार गुडघ्यांवर. दगड गुळगुळीत झालेत, बैलांच्या खुरांनी झिजलेत. मध्येच खालून हाकारे येतात आणि नायक ओरडतो, “आतल्या अंगाला व्हा!” तुम्ही कड्याला पाठ लावून उभे राहता. बैल डोंगराच्या बाजूला, दरीकडची बाजू वर येणाऱ्यांना. आणि मग एकामागून एक घोडे तुमच्या नाकासमोरून जातात, इतक्या जवळून की त्यांच्या घामाची ऊब गालाला लागते. मोतद्दार फारसीत काहीतरी पुटपुटत त्यांच्या मानेवर थोपटत असतो. एका घोड्याचं पाऊल घसरतं, खडे दरीत जातात, त्यांचा आवाज बराच वेळ येत राहतो. कुणी काही बोलत नाही. शेवटचा घोडा पुढे गेला की सगळेजण एकदम बोलायला लागतात.

मला या वाटेबद्दल फार वाटतं ते याचसाठी. आपण घाटावरची माणसं समुद्राला लांबचा समजतो, सुट्टीत बघायला जायची जागा समजतो. या काळातल्या कऱ्हाडच्या बाजारात उभं राहिलं तर तसं वाटणार नाही. घरातलं तांब्याचं भांडं एडनकडून आलेल्या तांब्याचं असू शकतं आणि शेतातला हरभरा गलबतातून जातो. दाभोळ हे आपलंच बंदर होतं, फक्त आठ दिवस चालावं लागायचं.

घाटाखाली हवा बदलते. वर घाम वाळत होता, इथे तो अंगावरच राहतो. चिपळूणपाशी, आज जिथे गोवळकोट आहे तिथे, तुम्ही होडीत बसता. वाशिष्ठीचं पाणी मातकट, हळू. काठाच्या चिखलात लाकडाचे ओंडके पडलेत असं वाटतं. हात पाण्यात सोडू नका, त्या मगरी आहेत. आजही त्या तिथे आहेत आणि लोक होडीतून त्यांना बघायला जातात. नवमीची ओहोटी भांगाची, सौम्य, म्हणून तांडेल वल्ही मारायला लावतो. एका ओहोटीत दाभोळ साधलं नाही तर मधल्या एखाद्या वाडीला नांगर पडेल आणि रात्री डासांबरोबर झोपावं लागेल. तयारी ठेवा.

दाभोळ आधी नाकाला कळतं. डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर दाटलंय, उजव्या हाताला. वाळत घातलेले बोंबील आणि जवळा, भिजत घातलेल्या सोडणांचा कुजका दर्प, घोड्यांची लीद, उदाचा धूर, आणि या सगळ्यावर माशाच्या तेलाचा जड वास. तेल कशाला, हे बघायला काठावर ओढलेल्या गलबताजवळ जा. फळीवरून बोट फिरवा. खिळा लागणार नाही. काठाला ओळीने भोकं पाडलीत, त्यांतून काथ्याची दोरी ओवून एक फळी दुसरीला शिवलीय, टाके अगदी घट्ट, बोटभर अंतराने. सांध्यात काथ्या ठासलाय आणि वरून ते तेल चोपडलंय. बोट नाकाशी नेऊ नका. शिवलेल्या या गलबतात माणूस, खजूर आणि घोडे भरून समुद्र पार करतात. निकितिनने दाभोळहून होर्मुझला जायला सोन्याची दोन नाणी भाडं मोजलं होतं.

बाजारात शिरलात की ढकलले जाता. गवताने शाकारलेली घरं, मध्ये वाट एवढीशी, त्यात हमाल तांब्याच्या लाद्या डोक्यावर घेऊन पळतायत आणि “बाजूला, बाजूला” हे चार भाषांत ऐकू येतं. तुमचा होन सराफाकडे न्या. तो आधी दगडावर आपटून नाद ऐकेल, मग कसोटीवर ओढून रेघ बघेल, मग तुमच्याकडे बघेल. मिऱ्यांच्या ढिगाशेजारून जाताना सगळी रांग शिंकते. खारवी बायका मासळीच्या पाट्या घेऊन बसल्यात, अंबाड्यात सुरंगीचे वळेसर; त्या वासाने क्षणभर मासळीही मागे पडते. तासगावच्या वाचकाने पुढच्या दुकानात जरूर थांबावं. गोणीत मनुका आहेत, इराणच्या आखातातून आलेल्या, आणि भाव ऐकून तुम्ही हात मागे घ्याल. तुमच्या घरी आजोबांनी गच्चीत बेदाणा वाळवलाय, हे इथे सांगू नका. कुणाचा विश्वास बसणार नाही.

जेवण पानावर येतं. उकड्या तांदळाचा भात, नारळाच्या रसातली मासळी, मिरी आणि आंबट चवीला कोकम. रंग लाल नाही, पिवळसर पांढरा. काजू मागू नका, हापूसही मागू नका, दोन्ही पोर्तुगीजांनंतरच्या गोष्टी. रायवळ आंबा मिळेल, चोखून खायचा, कोपरापर्यंत ओघळ येऊ द्यायचा. पाणी मात्र विचारून प्या. चैत्रात खाडीलगतच्या विहिरी मचूळ होतात, गोडं पाणी वरच्या अंगाला.

पौर्णिमेपर्यंत थांबा, उधाणासाठी. पाणी घरांच्या पायऱ्यांपर्यंत चढतं आणि मोठी गलबतं काठाला लागतात. याच वेळी घोडे उतरवतात. बघा, पण लांबून. कित्येक आठवडे हलत्या फळ्यांवर उभं राहिलेलं ते जनावर जमिनीवर पाय टेकवतं आणि जमीन स्थिर आहे यावर त्याचा विश्वास बसत नाही. पाय फाकवून, मान खाली घालून ते थरथरत उभं राहतं. दोन माणसं दोन्ही बाजूंनी खांदा लावतात. एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. तोवर दलालांचा भाव सुरूसुद्धा झालेला असतो: रुमालाखाली हात, बोटांवर आकडे, चेहऱ्यावर काही नाही.

परतायचं तेही पौर्णिमेच्याच हिशेबाने. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास पाणी वर चढायला लागतं. रात्रीच सामान होडीत टाका आणि पहाटेच्या भरतीबरोबर सुटा. उधाणाच्या पाण्याला जोर आहे, येतानाच्या निम्मीसुद्धा वल्ही मारावी लागणार नाहीत. तुमच्याबरोबर आता मीठ आहे, खजूर आहे, नारळ आहेत आणि सुक्या मासळीची एक मोळी, जिच्याशेजारी बसायला होडीत कुणी तयार नाही.

घाटाच्या पायथ्याला नायक घाईत असेल. चैत्र सरत आला की दुपारी घाटमाथ्यावर ढग जमायला लागतात, आणि वळवाची एक सर मिठाच्या गोणीवर पडली की निम्मा नफा वाटेवरच वाहून जातो. म्हणून तो उन्हाची वाट न बघता चांदण्यातच बैल चढवायला काढतो. तुम्हाला झोप येत असेल, गुडघे दुखत असतील, तरी उठा. मागचा बैल अडलाय, त्याच्या गोणीला खांदा द्या आणि नायकाने “हो” म्हटलं की रेटा.