तळटीप : ‘शहाणपण’

१. मूळ इंग्रजी शब्द ‘विझ्डम’. त्यासाठी ‘बुद्धी’ मुद्दाम टाळली. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावी महागणपतीपुढे आई लेकराचं डोकं टेकवते आणि म्हणते, “देवा, याला चांगली बुद्धी दे.” शहाणपण असं मागायची रीत नाही, ते ठेचा खाऊनच यायचं. ‘शहाणा’ मात्र जपून वाचावा : “शहाणं माझं बाळ ते” यात निव्वळ माया, “फार शहाणा आहेस!” यात चपराक, ‘दीडशहाणा’ तर उघड शिवीच. पेशवाईतले साडेतीन शहाणे खरोखर मुत्सद्दी. सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर हे पूर्ण. नाना फडणीस अर्धे, कारण ते तलवारीचे गडी नव्हते, असं सांगतात. पुढे दाढेच्या संदर्भात हाच इंग्रजी शब्द येतो, तिथे रूढ ‘अक्कलदाढ’च ठेवली आहे. – संपादक