व्यवस्थापन संस्थांच्या तुकड्या का वाढल्या? एका त्रैराशिकाचा इतिहास

१/७
व्यवस्थापन संस्था आपल्या तुकड्या का वाढवतात? शुल्काचे उत्पन्न आणि पदवीची मागणी ही कारणे आहेतच. मात्र आयआयएममधील एका मोठ्या वाढीचे मूळ कायद्यात आणि त्रैराशिकात सापडते.

२/७
त्यामागचा प्रश्न वऱ्हाडाला जुनाच आहे. नव्याला जागा द्यायची, तर जुन्याची काढून घ्यायची की नवी निर्माण करायची? १९३२ साली डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापून दुसरा मार्ग धरला. भातकुलीसारख्या खारपाण पट्ट्यातील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी तोच मार्ग मोलाचा होता.

३/७
२००५ च्या ९३व्या घटनादुरुस्तीनंतर २००६ चा कायदा आला. केंद्रीय संस्थांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा मिळाल्या. विरोध तीव्र होता. म्हणून कायद्यातच अट घातली गेली: खुल्या जागांची संख्या पूर्वीपेक्षा कमी होता कामा नये.

४/७
आता हिशेब पाहा. १०० जागांपैकी अनुसूचित जातींच्या १५ आणि जमातींच्या ७.५ वगळता ७७.५ खुल्या होत्या. नव्या व्यवस्थेत खुला वाटा ५०.५ टक्के झाला. त्यातून ७७.५ जागा मिळवायच्या, तर एकूण जागा सुमारे १५४ हव्यात. ‘५४ टक्के वाढ’ ती हीच.

५/७
१० एप्रिल २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उन्नत गट वगळून हे आरक्षण वैध ठरवले. परंतु वसतिगृहे आणि अध्यापक आकडेमोडीच्या वेगाने उभे राहत नाहीत. वाढीसाठी दिलेली तीन वर्षांची मुदत २०१२ मध्ये सहा वर्षांची करावी लागली.

६/७
२०१९ साली १०३वी घटनादुरुस्ती झाली. आर्थिक दुर्बल घटकांच्या १० टक्क्यांमुळे खुला वाटा ४०.५ टक्क्यांवर आला. पुन्हा तेच त्रैराशिक, पुन्हा सुमारे २५ टक्के वाढ. कागदावर मूळच्या १०० जागांच्या आता सुमारे १९१ होतात.

७/७
‘आरक्षणाने आमच्या जागा गेल्या’ ही तक्रार भातकुलीच्या चावडीपासून नागपूरच्या शिकवणी वर्गांपर्यंत ऐकू येते. खुल्या गटाचा वाटा घटला, हे खरे. मात्र या संस्थांत त्याच्या जागांची संख्या घटू नये, याची तजवीज कायद्यानेच केली होती. वर्ग मोठा झाला, तो त्यासाठी.