प्रतिनिधित्वाचा प्रश्न आणि लोकानुनयी नेतृत्व : डॉ. दत्ता सामंत यांच्या राजकारणाचा एक विचार

लोकानुनयी राजकारणाची चर्चा बहुधा नेत्याच्या स्वभावापासून सुरू होते आणि तेथेच संपते. डॉ. दत्ता सामंत यांच्याविषयीचे बरेचसे लेखन यास अपवाद नाही. प्रस्तुत निबंधात नेत्याऐवजी, कामगारांना त्याच्याकडे वळविणाऱ्या व्यवस्थेचा विचार केला आहे.

घाटकोपर येथे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या सामंतांकडे दगडखाणींतील मजूर प्रथम रुग्ण म्हणून आले. ‘डॉक्टर’ हे संबोधन पुढे नेतृत्वाचे नाव झाले, ते यामुळेच. १९७० च्या दशकात अभियांत्रिकी कारखान्यांत त्यांचा प्रभाव वाढला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधील कामगारही जुन्या नेतृत्वाला सोडून त्यांच्याकडे गेले.

याच कुर्ल्यात जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये घेतलेली स्वदेशी मिल होती. मोटार कारखान्याचा कामगार आपली संघटना बदलू शकत होता. गिरणी कामगाराला ते जवळजवळ अशक्य होते. कारण कापडगिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्यानुसार संपूर्ण उद्योगासाठी एकच ‘प्रातिनिधिक संघटना’ मान्य होई. त्यासाठी कामगारांच्या बहुमताची वा गुप्त मतदानाची अट नव्हती. सदस्यनोंदणीचे कागद पुरत. हा मान काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. साम्यवादी संघटनांची परंपरा असलेल्या गिरणगावात ही रचना राज्यकर्त्यांना सोयीची होती, हे वेगळे सांगावयास नको.

१९८१ च्या दिवाळीतील बोनसच्या वादानंतर गिरणी कामगार सामंतांकडे आले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. वेतनवाढीइतकीच मूलभूत मागणी सदर कायदा रद्द करण्याची होती. सामंत हे कायद्याच्या दृष्टीने कोणाचेच प्रतिनिधी नसल्याने त्यांच्याशी वाटाघाटी टाळणे शासनाला व मालकांना सुलभ गेले.

अमेरिकेच्या प्रारंभीच्या प्रजासत्ताकात असाच पेच दिसतो. तेथे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार काँग्रेस सदस्यांची बैठक ठरवीत असे. १८२४ मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांस सर्वाधिक, म्हणजे ९९ निर्वाचक मते मिळूनही प्रतिनिधिगृहाने ८४ मतांच्या जॉन क्विन्सी ॲडम्स यांची निवड केली. ‘जनतेचा कौल डावलला’ या भावनेवर जॅक्सन १८२८ मध्ये विजयी झाले. १८३२ मध्ये त्यांनी राष्ट्रीय बँकेच्या सनदेचे नूतनीकरण नकाराधिकाराने रोखले. अर्थात त्यांच्या ‘जनते’त गुलाम नव्हते, स्त्रिया नव्हत्या आणि १८३० च्या कायद्याने हुसकावले गेलेले मूलनिवासीही नव्हते. येथे साम्य नेत्यांच्या ध्येयांत शोधू नये. ते प्रतिनिधित्वाच्या कोंडीत आहे.

भेद मात्र निर्णायक आहे. मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्यासारख्या संघटकांनी जॅक्सन यांच्या लोकप्रियतेला पक्षाचे रूप दिले. सामंतांची कामगार आघाडी तेवढी रुजली नाही. १९८४ मध्ये, राजीव गांधींच्या लाटेतही, ते मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १९८९ मध्ये तेथे शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. पोटापाण्यासाठी गाव गाठलेले, शिवाय गिरणीबाहेर पडलेले कामगार आता मतदार म्हणूनही विखुरले होते. १६ जानेवारी १९९७ रोजी पवई येथे सामंतांची हत्या झाली. तोपर्यंत कायदा तसाच होता आणि संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नव्हता.