ऊन-पाऊस न बघितलेलं गवत आणि काळी माती

आजचा भाग कृत्रिम गवतावर, म्हणजे आपण ज्याला नुसतं 'टर्फ' म्हणतो त्यावर. पुण्यात, नाशकात, संभाजीनगरात गेल्या काही वर्षांत बॉक्स क्रिकेटची टर्फ किती उभी राहिली ते तुम्ही बघताच आहात. आणि त्यातली बरीच दोन पावसाळ्यांत लाटांसारखी वरखाली का होतात, जोड का उघडतात, हा प्रश्नही पडला असेल. उत्तर शोधायला १९६५ च्या ह्यूस्टनला जावं लागतं.

एप्रिल १९६५ मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम उघडलं. संपूर्ण छताखालचं बेसबॉलचं स्टेडियम, वातानुकूलित. आत खरं गवत होतं, बर्म्युडा जातीचं. गवताला ऊन मिळावं म्हणून छताला पारदर्शक तुकडे बसवले होते. पण त्या चकाकीत खेळाडूंना उंच उडालेला चेंडूच दिसेना. मग काय, छत रंगवलं. चेंडू दिसायला लागला आणि गवत मेलं. उरलेला सीझन मेलेल्या गवताला आणि मातीला हिरवा रंग मारून काढला!

यावर उपाय म्हणून मोन्सॅन्टो कंपनीचं नायलॉनचं गवत आलं. मूळ नाव केमग्रास. १९६४ मध्ये ते ऱ्होड आयलंडमधल्या मोझेस ब्राउन शाळेत बसवलं होतं. १९६६ च्या एप्रिलमध्ये ॲस्ट्रोडोमच्या इनफिल्डवर आलं, जुलैपर्यंत आउटफिल्डवरही, आणि नाव पडलं ॲस्ट्रोटर्फ. पट्ट्या एकमेकींना चक्क झिपने जोडलेल्या होत्या.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. शाळेतलं ते मैदानही इनडोअरच होतं. म्हणजे या गवताच्या पहिल्या दोन्ही ठिकाणी डोक्यावर छप्पर होतं. ना ऊन, ना पाऊस. १९६७ मध्ये इंडियाना स्टेट युनिव्हर्सिटीने ते उघड्या स्टेडियममध्ये अंथरलं आणि मग ते सगळीकडे गेलं. १९७० मध्ये डॅलसच्या कॉटन बोलमध्येही.

डॅलसचं नाव मुद्दाम घेतोय. तिथला पट्टा 'ब्लॅकलँड प्रेअरी' म्हणून ओळखला जातो. काळी, चिकट, कापसाची माती. ओळखीची वाटते ना? मृदाशास्त्रात टेक्सासची ही माती आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्याची काळी माती एकाच गटात येतात, व्हर्टिसॉल. यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. शेतकऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. टर्फ अंथरणाऱ्याला बऱ्याचदा नसतं.

दुसरी बाजू उन्हाची. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत २००२ मध्ये मोजमापं झाली. हवा साधारण ३७ अंश सेल्सिअस असताना कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेला. पाणी मारून बघितलं तर ७९ वरून २९ वर आला, पण वीस मिनिटांत परत ७३!

खरी अडचण इथे आहे. ऊन म्हणतं पाणी मारा, आणि काळी माती म्हणते मला पाणी दाखवू नका. खालचा निचरा चांगला असेल तर पाणी पाइपातून निघून जातं. नसेल तर थंडाव्यासाठी मारलेलं प्रत्येक टँकरचं पाणी मातीत मुरतं, माती एका जागी फुगते, दुसऱ्या जागी नाही, आणि कार्पेटवर उंचवटे येतात.

म्हणून दुरुस्तीचा क्रमही खालून वर असतो. जोड उघडला की वरून गोंद लावून दाबणं म्हणजे आमच्या भाषेत एरर मेसेज लपवणं. बग तसाच राहतो. तेवढ्या भागातली रबर-वाळू काढायची, कार्पेट जोडावरून उलटायचं, खडी बाजूला करून माती बघायची. ओली असेल तर पाणी कुठून येतंय ते आधी शोधायचं: तुंबलेला पाइप, कडेची गळकी लाइन, किंवा चुकीचा उतार. मग काळी माती काढून मुरूम भरायचा, नाहीतर तिच्यात चुना मिसळून ती दाबायची. चुन्यातलं कॅल्शियम चिकणमातीचा चिकटपणा आणि फुगणं दोन्ही कमी करतं. टेक्सासच्या रस्त्यांखाली ही युक्ती भरपूर वापरली गेली आहे. त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे खडी मातीत रुतत नाही. मग खडी, आणि सगळ्यात शेवटी कार्पेट. जोड भर दुपारी चिकटवू नये, कारण तापलेलं कार्पेट पसरलेलं असतं. रात्री ते आकसतं आणि जोड ताणला जातो.

एवढा खटाटोप कशासाठी? गुडघ्यांसाठी. २००१ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाच्या व्हेटरन्स स्टेडियममध्ये ईगल्स आणि रेव्हन्स यांचा सराव सामना रद्द झाला, कारण नव्या टर्फवर बेसबॉलच्या बेसची जागा झाकणारा तुकडा समपातळीत बसत नव्हता. हजारो प्रेक्षक परत गेले. तिथे निदान 'खेळणार नाही' म्हणणारा प्रशिक्षक होता. तासावर भाड्याने घेतलेल्या टर्फवर रात्री अकराला खेळणाऱ्या पोरांच्या बाजूने ते कोण म्हणणार?

कॉटन बोलचं पुढे काय झालं? १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाआधी तिथलं कृत्रिम गवत काढून खरं गवत लावलं गेलं. सगळ्यांना ते जमेल असं नाही, पाणी लागतं, माणसं लागतात. पण पुढच्या वेळी टर्फ बुक करताना मालकाला एकच प्रश्न विचारा: "खाली काय भरलंय?" उत्तर नसेल, तर जोडांवरून एकदा चालून बघा आणि मगच पळा.

भेटू पुढच्या भागात.