वनांचे वयोमान : सातारा व सांगली जिल्हे

वनातील प्रमुख वृक्ष किती काळ अखंड वाढत आले आहेत, त्यावरून वनाचे वय ठरविले जाते. समशीतोष्ण प्रदेशांत ते खोडातील वार्षिक वलयांवरून काढता येते. उष्ण प्रदेशांत सागासारखे काही वृक्ष वगळता बहुतेकांत अशी वलये स्पष्ट नसतात. त्यामुळे सह्याद्रीतील वनांचे वय मुख्यत्वे जमिनीच्या इतिहासावरून ताडावे लागते.

या जिल्ह्यांच्या पश्चिम भागात महाबळेश्वर, कोयना व वारणा खोऱ्यांत सदाहरित व निमसदाहरित वने आढळतात. पूर्वेकडील माण, आटपाडी, जत हे तालुके पर्जन्यछायेत असल्याने तेथील माळराने सर्वत्र वनतोडीचीच निदर्शक मानता येत नाहीत. घाटातील उतारांवर पूर्वी कुमरी शेती होई : झाडोरा तोडून, जाळून काही वर्षे नाचणी व वरी पिकविली जाई आणि नंतर जमीन पडीक टाकली जाई. त्यामुळे एकाच डोंगरावर निरनिराळ्या वयांचे पट्टे निर्माण झाले. इंग्रजी अमदानीत, विशेषतः १८७८ च्या वन अधिनियमानंतर, राखीव वनांतील या शेतीवर निर्बंध आले. जुने वृक्ष टिकविण्यास देवरायांचाही हातभार लागला.

१९६० च्या दशकात पूर्ण झालेल्या कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाखाली खोऱ्यातील गावे व वनभूमी बुडाली. कोयना व चांदोली ही अभयारण्ये १९८५ मध्ये घोषित झाली. चांदोलीस २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. उठविलेल्या गावांच्या शेतांत प्रथम गवत, मग झुडपे व कोवळे वृक्ष वाढले. या तरुण वनामागे विस्थापितांनी सोडलेली घरेदारे आहेत. शिवाय गवे व सांबर यांना चराऊ कुरणे लागत असल्याने प्रत्येक पडीक शेताचे वन होणे इष्टच असते, असे नाही. सागरेश्वर (सांगली जिल्हा) येथील उजाड डोंगरांवरचे वन तर लागवडीने उभारलेले असून त्याचे वय काही दशकांचेच आहे.

जगातील वनेही तरुण होत आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १४० वर्षांहून जुन्या वनांचे एकूण वनक्षेत्रातील प्रमाण १९०० मध्ये सु. ८९ टक्के होते, ते २०१५ मध्ये सु. ६६ टक्क्यांवर आले. भूवापरातील बदल व लाकूडतोड ही त्याची प्रमुख कारणे होत. तरुण वन कार्बन वेगाने शोषते. परंतु जुन्या वनातील कार्बनाचा साठा मोठा असतो आणि धनेशासारख्या पक्ष्यांना घरट्यासाठी लागणाऱ्या ढोल्या जुन्या वृक्षांतच तयार होतात. वनक्षेत्र वाढले तरी ही हानी लगेच भरून निघत नाही. म्हणून क्षेत्राबरोबर वनाच्या वयाचीही नोंद ठेवणे आवश्यक ठरते.