डोंगरावरील हवा आणि विमानाचे हेलकावे

बुलढाणें हें गांव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अगदीं कडेवर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेलें आहे. राजूरचा घाट उतरून मलकापुराकडे निघालें कीं वऱ्हाडचा पायनघाट लागतो. पूर्णेच्या खोऱ्यांतील या काळ्या भूमीच्या पलीकडे सातपुडा उभा आहे. मुंबईहून नागपुरास सरळ रेषा काढली, तर ती याच जिल्ह्याच्या दक्षिण भागावरून, चिखली आणि मेहकर यांच्या दरम्यान जाते. अंतर सुमारें सातशें किलोमीटर. परंतु या वाटेवर आधीं सह्याद्रि व मग अजिंठ्याचें पठार ओलांडावें लागत असल्यानें, विमान खालून उडत असे त्या काळीं उतारूंस धक्क्यांची चांगलीच ओळख होई.

या धक्क्यांचीं कारणें दोन. वैशाखांतील दुपारीं नांगरलेली काळी जमीन जितकी तापते, तितकें शेजारचें रान किंवा तळें तापत नाहीं. तापलेली हवा खांबासारखी वर चढते व मधल्या जागेंत थंड हवा खालीं येते. हा खेळ उन्हाळ्यांत दहा हजार फुटांपर्यंतही चालतो, आणि त्यांतून जाणारें विमान चाकोरींत सांपडलेल्या बैलगाडीसारखें आदळत जातें. दुसरें कारण डोंगर स्वतःच. वारा ज्या अंगानें येतो त्या अंगास तो वर चढतो, आणि पलीकडे खडकावरून पडणाऱ्या पाण्याप्रमाणें भोंवरे करीत खालीं कोसळतो. म्हणून शहाणा वैमानिक पुरेशी उंची आधींच गांठतो आणि माथ्याकडे तिरपा जातो, म्हणजे माघार घेण्यास वाट राहते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल मुंबईस आणलें. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें बेळ्ळारीमार्गें मद्रासला नेलें. एका इंजिनाचें लहानसें 'पुस मॉथ' विमान, बिनतारी यंत्र नाहीं, आणि वाटेंत सह्याद्रि! पुढें ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास जमत, थैल्या व उतारू यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. हेतु केवळ त्वरेचा होता. पण जमीन निवालेली असल्यानें दुपारचे ते खांब रात्रीं मोडलेले असत, हा लाभ आपसुक मिळाला. मात्र रात्र डोंगरही झांकते, आणि मृगाच्या तोंडावरचे गडगडाटी ढग सूर्यास्तानंतर लगेच विरत नाहींत.

उतारूंची भीति बहुधा चुकीच्या जागीं असते. ७ जुलै १९६२ रोजीं बँकॉकहून मुंबईस येणारें अलितालियाचें विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळून ९४ माणसें दगावलीं. विमान नेमकें कोठें आहे याचा अंदाज चुकला आणि तें वेळेआधींच खालीं उतरूं लागलें होतें. ४ ऑगस्ट १९७९ रोजीं पुण्याहून मुंबईचा अगदीं आंखूड प्रवास करणारें इंडियन एअरलाइन्सचें ॲव्हरो विमान पावसाळी हवेंत पनवेलजवळच्या डोंगरावर आदळलें. ४५ जण गेले. सह्याद्रीनें जे बळी घेतले ते बव्हंशीं ढगांत दडलेल्या कड्यांनीं घेतले. हेलकाव्यांनीं मोडेल इतकें विमान नाजूक नसतें. बांधून न बसलेला मनुष्य मात्र छताला आपटून जखमी होतो.

आतांचीं जेट विमानें तीस हजार फुटांवरून जातात. चिखली-मेहकरची दुपार तेथवर पोंचत नाहीं. उंच मेघ तेवढे पोंचतात, आणि त्यांना रडारवर पाहून वळसा घातला जातो. खरे हेलकावे उरतात ते चढतांना व उतरतांना. पावसाळ्यांत पश्चिमेचा वारा इगतपुरी-कसाऱ्याचा घाट चढून पलीकडे कोसळत असतो, आणि नागपुराहून येणारें विमान नेमकें त्याच अंगानें मुंबईकडे उतरूं लागतें. पट्टा बांधण्याची सूचना तेथें बहुधा आधींच झालेली असते.