चौदा कॅरेटची अंगठी आणि १९६३ चे सुवर्ण नियंत्रण

१/
राजारामपुरीतील एखाद्या सराफाकडे लग्नाची अंगठी घडवून घ्यायला गेलेल्या जोडप्यापुढे आज २२, १८ आणि १४ कॅरेट असे पर्याय असतात. १९६३ साली ही निवड ना ग्राहकाच्या हाती होती, ना सोनाराच्या. १४ कॅरेटहून चोख सोन्याचा नवा दागिना घडवण्यास देशभर बंदी होती. टिकाऊ सोने कोणते, या प्रश्नाचा हा इतिहास आहे.

२/
प्रथम धातूचा विचार करू. २४ कॅरेट म्हणजे शुद्ध सोने. ते इतके मऊ असते की रोज बोटात राहिलेली अंगठी वाकते, झिजते. म्हणून त्यात तांबे व चांदी मिसळतात. यालाच ‘हीण’ म्हणतात. २२ कॅरेटमध्ये सोन्याचे प्रमाण सुमारे ९१.६ टक्के, १८ मध्ये ७५ टक्के आणि १४ मध्ये ५८.३ टक्के असते. १४ कॅरेटची अंगठी २२ कॅरेटच्या अंगठीपेक्षा बरीच कठीण असते. अमेरिकेत लग्नाच्या अंगठ्यांसाठी १४ कॅरेट सर्रास वापरले जाते, ते यामुळेच.

३/
मराठी भाषेचा कौल मात्र नेमका उलट आहे. कसोटीच्या दगडावर उत्तम उतरणारे सोने ‘बावनकशी’ आणि मिश्रणाचे ते ‘हिणकस’. हे दोन्ही शब्द सोनाराच्या दुकानातून माणसाच्या स्वभावापर्यंत पोहोचले. धातूला कठीण करणारे हीण भाषेने कमीपणाचेच मानले.

४/
यामागे घरातील व्यवहार होता. पायातील जोडवी चांदीची असतात, कारण कमरेखाली सोने न घालण्याचा संकेत आहे. ती झिजली की मोडीत देऊन नवी घेतात. कोल्हापूरजवळचे हुपरी तर चांदीच्या दागिन्यांसाठीच प्रसिद्ध आहे. सोन्याचा दागिना मात्र स्त्रीधन होता. अडचणीला गहाण ठेवायचा, मुलीच्या लग्नात मोडून पुन्हा घडवायचा. चोख सोन्याची वेढणी हे याचे स्पष्ट उदाहरण आहे. दिसायला ती अंगठी, पण तिचे खरे काम पुंजीचे.

५/
म्हणजे ‘टिकाऊ’ या शब्दाला दोन अर्थ होते. बोटात न झिजणारे ते एक, आणि पिढ्यान्‌पिढ्या मोल टिकवणारे ते दुसरे. १९६३ मध्ये हे दोन अर्थ समोरासमोर आले.

६/
पार्श्वभूमी १९६२ च्या चीन युद्धाची होती. परकीय चलनाची तीव्र टंचाई होती. आंतरराष्ट्रीय बाजारात सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलर होता, तर भारतात तो त्याच्या दुपटीच्या आसपास. या तफावतीवर तस्करी पोसली जात होती. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांची अपेक्षा अशी की, दागिन्यातील सोने कमी केले तर मागणी घटेल आणि लोकांचा सोन्याचा मोहही उतरेल.

७/
जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण लागू झाले. जुने दागिने घरात ठेवण्यास मुभा होती. नवे मात्र १४ कॅरेटचेच घडवायचे होते.

८/
हाताने काम करणाऱ्या कारागिराला याचा अर्थ लगेच कळला. कोल्हापुरी साजाचेच पाहा. त्याची पाने पातळ पत्र्यातून घडवून आत लाख भरतात. २२ कॅरेटचा मऊ पत्रा हत्याराखाली हवा तसा वळतो. १४ कॅरेटचा लवकर ताठरतो, पुन्हा पुन्हा तापवून नरम करावा लागतो आणि तापवला की त्यातील तांब्यामुळे काळवंडतो. बोटात टिकाऊ ठरणारा गुण हातकामात अडथळा ठरत होता.

९/
ग्राहकही फिरकेनात. देशभर लाखो सोनारांच्या पोटावर पाय आला. मोर्चे निघाले, आत्महत्यांच्या बातम्या आल्या, संसदेत वादळी चर्चा झाल्या. सरकारने पर्यायी व्यवसायासाठी कर्जाच्या योजना आणल्या, पण पिढीजात कसब असलेल्या माणसाला दुसरा धंदा सांगणे सोपे नव्हते.

१०/
हिशेबाने पाहिले तर १४ कॅरेटची अंगठी स्वस्तही पडायला हवी होती, कारण त्यात सोनेच कमी. मग लोकांनी ती का नाकारली? एक कारण विश्वासाचे होते. तिच्यात नेमके किती सोने आहे हे सामान्य ग्राहकाला कळण्याचा मार्ग नव्हता. ओळखीच्या सोनाराचा शब्द आणि डोळ्याला सवयीचा पिवळा रंग, एवढेच त्याचे आधार. १४ कॅरेटचा फिकट रंग पाहून त्याला मोडीच्या वेळी होणाऱ्या घटीचीच धास्ती वाटे.

११/
ऑगस्ट १९६३ मध्ये कामराज योजनेत देसाई मंत्रिमंडळाबाहेर पडले. १९६६ मध्ये १४ कॅरेटची मर्यादा उठली. नियंत्रण मात्र संपले नाही. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सराफांना परवाने, सोनारांना प्रमाणपत्रे आणि खासगी व्यक्तींना सोन्याच्या लगडी बाळगण्यास बंदी असा नवा जाच आणला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही कलमे घटनाबाह्य ठरवली. अखेर १९९० मध्ये कायदाच रद्द झाला. तेव्हा अर्थमंत्री होते मधु दंडवते, कोकणातील राजापूरचे खासदार.

१२/
सन २००० मध्ये सोन्याचे हॉलमार्किंग सुरू झाले आणि जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. सक्तीच्या पहिल्या टप्प्यातील श्रेणी होत्या १४, १८ आणि २२ कॅरेट. ज्या १४ कॅरेटला १९६३ मध्ये लोकांनी धुडकावले, ते आता शिक्क्यासह दुकानात आहे.

१३/
आज हिऱ्याच्या अंगठीसाठी १८ किंवा १४ कॅरेट घेतात, कारण खडा धरून ठेवणारे काटे कठीण धातूचे असलेले बरे. मंगळसूत्राच्या वाट्या आणि साज यांसाठी बहुतेक घरे २२ कॅरेटवर ठाम असतात. एकाच लग्नाच्या खरेदीत दोन्ही अर्थांचे टिकाऊपण शेजारी नांदते. १९६३ च्या नियमाने कॅरेट ठरवून दिले, पण त्याची खात्री ग्राहकाच्या हाती दिली नाही. ती खात्री देणारा शिक्का यायला आणखी ३७ वर्षे लागली.